'देवाची इच्छा' असं त्या मुलीला कसं सांगू?

चौथीची बाई:
आमची शाळा धार्मिक संस्थेची आहे. सकाळी प्रार्थना, आठवड्यातून एक तास धर्मशिक्षण. यंदा युद्धातून पळून आलेली काही मुलं वर्गात आली आहेत, सगळी आमच्या धर्माची नाहीत. त्यातली एक मुलगी प्रार्थनेला डोळे मिटत नाही, दाराकडे बघत राहते. घंटा झाली की दचकते. परवा धर्माच्या तासाला तिने विचारलं, "देव सगळं बघतो ना? मग माझ्या भावाला का नाही वाचवलं?" वर्ग चिडीचूप. मी म्हटलं, विचारलंस ते बरं केलंस, आपण दोघी बसून बोलू. आता काय बोलू? संस्थेतले ज्येष्ठ म्हणतात, "देवाची इच्छा होती" असं सांगा, धीर येईल. माझी श्रद्धा आहे, म्हणूनच मला हे पटत नाही.

शालेय समुपदेशक:
ते वाक्य नकोच. या वयाची मुलं त्याचा अर्थ 'देवानेच भावाला मारलं' किंवा 'माझंच काही चुकलं' असा लावू शकतात. भावाबद्दल ऐका: त्याला काय आवडायचं, तो तिला काय म्हणून हाक मारायचा. काय घडलं ते मात्र खोदून विचारू नका. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिकाही हेच सांगते, बोलण्याची बळजबरी नको. तिला दार दिसेल आणि पाठ भिंतीला लागेल अशी जागा द्या. डोळे उघडे राहू देत, तिचा पहारा आहे तो. झोप-जेवण बिघडलेलंच राहिलं तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

छावणीतला मास्तर:
१९५१च्या निर्वासितविषयक कराराचं चौथं कलम बघा. मुलांच्या धार्मिक शिक्षणाबाबत निर्वासितांना निदान आश्रय देणाऱ्या देशाच्या नागरिकांइतकं स्वातंत्र्य द्यायचं आहे. म्हणजे घरच्यांना विचारल्याशिवाय त्या तासाला बसवू नका. पण तिच्या धर्मापासून तिला तोडूही नका. घर गेलं, शाळा गेली, आजीने शिकवलेली प्रार्थना तेवढी बरोबर येते. माझ्या वर्गात एक पोरगा मागच्या बाकावर आपल्या भाषेत पुटपुटायचा. दिवसभरात तेवढ्याच वेळी त्याचे खांदे सैल पडायचे.

एक पालक:
तिला एकटीलाच सूट दिलीत तर ती वेगळी पडेल. मुलं लगेच बोट दाखवतात.

चौथीची बाई:
खरंय. म्हणून 'डोळे मिटा' ही सूचनाच बंद केली, सगळ्यांसाठी. आज बोललो आम्ही. "का ते मलाही माहीत नाही, पण तुझ्या भावाबद्दल ऐकायला आवडेल," एवढंच म्हटलं. ती बराच वेळ त्याच्या पतंगांबद्दल सांगत होती. आता धर्माच्या तासाचं तिच्या आईला विचारायचं आहे. आईची भाषा मला येत नाही आणि असल्या बोलण्यात मुलीलाच दुभाषी करायचं नाही. तुमच्या शाळांनी ही सोय कशी केली?