कोरियात इंग्रजी शिकवायचा व्हिसा: मुलाखतीआधी हे बघा

ताई, तुम्ही विचारलंय की कोरियाच्या ई-२ व्हिसाच्या, म्हणजे परदेशी भाषाशिक्षकांच्या व्हिसाच्या मुलाखतीची तयारी कशी करायची, पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. हा व्हिसा मुळात अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांसाठी आहे. आपल्याला दार उघडं आहे ते भारत-कोरिया सेपा करारामुळे, म्हणजे दोन्ही देशांमधल्या आर्थिक भागीदारीच्या करारामुळे, तो १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, आणि तेही शाळेत सहाय्यक शिक्षक म्हणूनच, त्यासाठी पदवी आणि इंग्रजी शिकवायची पात्रता दोन्ही लागतं. त्यामुळे कुणी एजंट हागवॉनमध्ये म्हणजे तिथल्या खाजगी क्लासमध्ये नोकरी देतो म्हणाला तर पैसे अजिबात देऊ नका, कळकळीने सांगतेय.

आता कागदपत्रं. पदवीला आधी राज्याचा शिक्का मग अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आणि पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसमधून, त्यालाही अपोस्टिल. यात माझे दोन महिने गेले, कारण मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर माझ्या नावात वडिलांचं नावच नाही! आपल्याकडे हे घरोघरी असतं. शेवटी अॅफिडेव्हिट करून जोडलं.

मुलाखतीत बाकी साधंच असतं हो, कुठली शाळा, कितवीची मुलं, करारात तास किती, पगार किती. पण करार स्वतः वाचून जा, रांगेत माझ्या पुढे असलेल्या मुलीला शाळेचं गावच सांगता येईना, फार वाईट वाटलं तिच्यासाठी.