'विवेकशील ग्राहक' यातला विवेक नेमका कुठला?

खडूफळा: बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवतो. 'ग्राहक विवेकशील असतो, म्हणजेच महत्तम समाधान शोधतो' असं फळ्यावर लिहिलं, तर एका मुलीनं विचारलं, "सर, मग रक्तदान करणारा अविवेकी का?" मी ठरलेलं उत्तर दिलं: देण्यातून त्याला समाधान मिळतं. ती म्हणाली, "मला सुई बघूनच घेरी येते. तरी जाते." वर्ग हसला, मी पुढच्या आकृतीकडे वळलो. खरं तर उत्तर सुचलंच नव्हतं. मराठीत विवेक म्हणजे सारासार कळणं. आपण तो शब्द 'रॅशनल'ला चिकटवला आणि सारासार तेवढं गाळलं, असं तर नाही?

समवृत्ती: शब्दात अडकू नका. सिद्धांताला स्वार्थ लागतच नाही, पसंतीक्रम सुसंगत असला की पुरे. १९३८ मध्ये अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसननं तर मनात डोकावणंच बंद केलं, निवड तेवढी बघायची. ती रक्त देते, म्हणजे तिची पसंती तीच. संपलं.

उंबरठा: नाही संपत. अमर्त्य सेन यांनी १९७७ च्या 'रॅशनल फूल्स' या लेखात इथंच बोट ठेवलंय. कुणाचा छळ बघून माझ्या पोटात कालवतं म्हणून मी तो थांबवतो, ही सहानुभूती. त्यात माझंही समाधान आलं. मला काही होत नाही, पण हे चूक आहे म्हणून थांबवतो, ही बांधिलकी. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तुमची मुलगी दुसऱ्या खात्यातली.

समवृत्ती: बांधिलकीही पसंतीक्रमात घाला की.

खडूफळा: घालू. पण मग माणसानं काहीही केलं तरी ते समाधानासाठीच ठरणार. जे कधी खोटं पडूच शकत नाही, ते मी परीक्षेत काय विचारू?

उंबरठा: शिवाय कारण वेगळं असलं की वागणंही बदलतं. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा अभ्यास २००० मध्ये छापून आला. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवायची लाज वाटायची; दंड आल्यावर ती पैसे देऊन घ्यायची सेवा झाली. दंड काढला तरी उशीर कमी झाला नाही.

समवृत्ती: हे मान्य. लाजेला वक्र काढता येत नाही.

खडूफळा: सोमवारी तास आहे. त्या मुलीला आधी सांगतो की माझं उत्तर चुकलं होतं.