ऑफिसातला गांधीजींचा फोटो

ए-१०४ आजोबा: सचिव साहेब, नमस्कार. रंगकाम संपून आठवडा उलटला, तरी गांधीजींचा फोटो भिंतीवर परत आलेला नाही. आज सकाळी तो मीटर रूममध्ये, जुन्या चादरीत गुंडाळून झाडूंशेजारी उभा केलेला मी पाहिला. काचेच्या कोपऱ्याला तडा गेला आहे. परवा ३० जानेवारी आहे. अकरा वाजण्याच्या आत फोटो जागेवर लागेल का?

सचिव: आजोबा, अवमानाचा हेतू नव्हता. सी-३०२ यांनी हरकत घेतली, म्हणून सभेपर्यंत थांबलो होतो.

सी-३०२: हरकत मी उघडपणे घेतली आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले आणि या चार हुतात्म्यांच्या गावातल्या आपल्या ऑफिसात त्यांचे साधे चित्रही नाही. चौरीचौऱ्यानंतर १९२२ मध्ये ऐन भरात आलेले आंदोलन ज्यांनी मागे घेतले, त्यांनी आपल्या चौघांसाठी काय केले, हे कोणी सांगेल का?

ए-१०४ आजोबा: फोटो अकराच्या आत लागेल का?

बी-२०१ ताई: दादा, तुमचा राग मी समजू शकते; पण ६ एप्रिल १९३० रोजी दांडीला मीठ उचलणाऱ्या गांधीजींना ५ मे रोजी अटक झाली, त्या बातमीने सोलापूर पेटले आणि १२ मे रोजी आपल्या गावात मार्शल लॉ पुकारला गेला, हा क्रम विसरून कसे चालेल? आपल्या चौघांना येरवड्यात फाशी दिले, त्या दिवशी गांधीजीही त्याच तुरुंगात कैदी होते. २६ जानेवारी १९३१ ला त्यांची सुटका झाली. ज्याला सरकारने स्वतःच डांबून ठेवले होते, त्याला जाब विचारणे मला न्याय्य वाटत नाही.

सी-३०२: येरवड्याचे मला ठाऊक नव्हते. १९२२ बद्दलचे माझे मत मात्र तेच आहे.

डी-४०३: एका फोटोसाठी एवढे ताणू नका. आता कोणी उपोषणाला बसू नये म्हणजे झाले.

बी-२०१ ताई: काका, हे थट्टेवारी नेऊ नका. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत सोहळा चालू असताना गांधीजी कलकत्त्यात होते, आणि सप्टेंबरमध्ये तिथे दंगल पुन्हा उसळली तेव्हा वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांनी अन्न सोडले. दंगल थांबली तेव्हाच ते उपोषण सुटले. माणसे वाचवणाऱ्या त्या उपोषणाची चेष्टा मला सहन होत नाही.

डी-४०३: शब्द मागे घेतो, ताई. परंतु मागच्या वर्षी दोन मिनिटांच्या स्तब्धतेत तुमच्याच स्कूटरचा हॉर्न वाजला होता.

बी-२०१ ताई: मुलाने वाजवला होता आणि मी तेव्हाच माफी मागितली होती.

ए-१०४ आजोबा: अकराच्या आत लागेल का, एवढेच विचारतो आहे.

सी-३०२: चार हुतात्म्यांची तसबीर माझ्या खर्चाने मी उद्या आणतो. दोन्ही शेजारी-शेजारी लागणार असतील, तर माझी हरकत नाही.

सचिव: मान्य आहे. काच नवी पेठेतून बदलून आणू का?

ए-१०४ आजोबा: काच मी स्वतः बसवून आणतो. चौकटीवरचा सुताचा हार कोणी कापू नका. तो हिने टकळीवर कातलेल्या सुताचा शेवटचा हार आहे. खिळे कोण ठोकणार, तेवढे आज रात्री कळवा.