'आधी शिस्त, मग लोकशाही' म्हणणाऱ्यांना मराठवाड्यातून उत्तर

गोदाकाठचा (नांदेड)
दोन दिवसांपासून एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतेय. म्हणणं असं : दक्षिण कोरिया, तैवान यांनी आधी शिस्त लावली, पोटं भरली, मग मताचा हक्क दिला, म्हणून ते पुढं गेले. आपण 1952 मध्येच अडाणी माणसाच्या हाती मतपत्रिका दिली आणि तिथंच घात झाला. वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितो.

मताशिवायची शिस्त मराठवाड्यानं पिढ्यान्‌पिढ्या भोगलीय. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाची रयत. आमचा कौल कुणी घेतला होता? मग इथं शाळा-कारखान्यांचा सुकाळ का झाला नाही? ब्रह्मदेशात (म्यानमार) 1962 ला लष्करानं शिस्त लावायला घेतली. तिथं फेब्रुवारी 2021 मध्ये निवडून आलेलं सरकार लष्करानं पुन्हा उलथवलं. पाकिस्तानात 1958, 1977, 1999 असं तीनदा लष्कर आलं. शिस्तीनं सुबत्ता येत असती तर हे दोन्ही देश कोरियाच्या बरोबरीला पाहिजे होते.

आणि कोरियाचंही अर्धंच सांगता. तिथं जमिनीचं फेरवाटप 1950 मध्येच सुरू झालं. लष्करशहा पार्क चुंग-ही बंड करून आले ते 1961 ला. कुळाच्या नावावर जमीन लागली, त्याची पोरं शाळेत गेली, हे आधी घडलं. 1980 ला ग्वांगजूमध्ये आपल्याच लोकांवर गोळ्या घातल्या, त्याला शिस्त म्हणायचं का? 1987 च्या जूनमध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठं अध्यक्ष थेट निवडायचा हक्क मिळाला.

वाळूजवाला
दादा, सगळं एका बाजूचं लिहिलंय. माझं वाळूज एमआयडीसीत (छत्रपती संभाजीनगरजवळ) छोटं वर्कशॉप आहे, माल कोरियन कंपनीला जातो. त्यांचा माणूस ऑडिटला आला की आधी गेजवरचं (मापं घ्यायच्या साधनावरचं) कॅलिब्रेशनचं, म्हणजे अचूकता तपासल्याचं स्टिकर बघतो. तारीख उलटलेली दिसली की अख्खा लॉट थांबवतो. ही सवय मोर्चे काढून आली का? पार्कच्या काळात निर्यातीचं टार्गेट ठरायचं आणि ते गाठावंच लागायचं. आपल्याकडं रस्ता मागितला तर आधी मतदारसंघ कुणाचा ते बघतात. नुसत्या मतदानानं काय होतं? बांगलादेशात 2014, 2018, 2024, तिन्ही वेळा निवडणूक झाली. शेवटी 5 ऑगस्ट 2024 ला पंतप्रधान शेख हसीनाबाईंना देश सोडून पळावं लागलं.

गोदाकाठचा
हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. 2014 ला तिथं विरोधकांचा बहिष्कार होता आणि 300 पैकी 153 जागा बिनविरोध गेल्या. मत खरं असतं तर बाई मतपेटीतूनच गेल्या असत्या, आंदोलन करणाऱ्या पोरांना मरावं लागलं नसतं.

लातूरची लेक
तुम्ही दोघं सोल-ढाक्याला फिरताय, इथलं कोण बोलणार? मी 2017 ला राखीव जागेवरून पंचायत समितीवर निवडून आले. मार्च 2022 ला मुदत संपली आणि प्रशासक बसला. आधी मासिक बैठकीत टँकरच्या खेपांचं रजिस्टर मागवायचे. चार खेपा लिहिल्यात, गावात दोनच आल्या, असं तोंडावर विचारायचे. नंतर बाया अर्ज घेऊन गेल्या की आवक-जावकवाला शिक्का मारून पोच द्यायचा आणि साहेब व्हीसीत (व्हिडिओ बैठकीत) आहेत म्हणायचा. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात वर्षं गेली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की चार महिन्यांत निवडणुका घ्या. आणि तुम्ही विचारता, मत लवकर मिळालं का!

वाळूजवाला
ताई, राग मानू नका, पण प्रशासक परवडला. आमच्या भागातलं ड्रेनेज टक्केवारीत अडकलं होतं. नगरसेवक गेले आणि साहेबांनी करून दाखवलं.

लातूरची लेक
एक साहेब चांगला निघाला म्हणून माझी खुर्ची काढायची? त्याची बदली झाल्यावर कुणाला धरणार? मी टक्केवारी खाल्ली असेल तर पुरावा द्या, नाहीतर सरसकट बोलू नका.

परभणीचा मास्तर
ताईंचा मुद्दा कोरियालाही लागू पडतो. 1961 च्या बंडानंतर तिथल्या स्थानिक परिषदा बरखास्त झाल्या, त्या निवडून आल्या थेट 1991 ला. महापौर, राज्यपाल 1995 ला. उलट पाकिस्तानात अयुब, झिया, मुशर्रफ या तिन्ही लष्करशहांनी स्थानिक निवडणुका घेतल्या, पक्षांना बाजूला सारायला. म्हणजे गावात मत आणि वर हुकूमशहा, असंही चालतं. आणि निघालंच आहे तर : विकासाचा अनुशेष भरून काढायला मराठवाड्याचं वैधानिक विकास मंडळ 1994 ला मिळालं, त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. त्यावर कोण बोलतंय?

वाळूजवाला
मास्तर, प्रत्येक धाग्यावर अनुशेष आणता.

परभणीचा मास्तर
आणणारच. सिंचनाचा अनुशेष आमच्या रानात दिसतो, तुमच्या शेडमधून दिसत नाही.

वाळूजवाला
शेडवर कर्ज आहे मास्तर, आयती नाही मिळाली. असो. जमीनवाटपाचं मान्य करतो. पण 3 डिसेंबर 2024 ला सोलमध्ये मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला, तेव्हा खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले आणि काही तासांत 190 विरुद्ध शून्य मतांनी तो उठवला. हे शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी देशातच होतं.

गोदाकाठचा
1986 ला मनिलात कोण सुखी होतं? तरी लोकांनी फिलिपिन्सच्या हुकूमशहा मार्कोसला हाकललं.

वाळूजवाला
आणि 2022 ला त्याच्याच पोराला निवडून दिलं.

गोदाकाठचा
दिलं, नाकारत नाही. पण पोराला सहाच वर्षं, दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही. बाप 1972 ला मार्शल लॉ लावून खुर्चीत जो बसला, तो 1986 पर्यंत हलला नाही.

लातूरची लेक
माझ्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलं नाही. 2022 नंतर टँकरच्या खेपा कुणी मोजल्या?

वाळूजवाला
ड्रेनेजचं मी मागं घेणार नाही. पण रजिस्टर मागायला कुणीतरी पाहिजे, एवढं मान्य.

लातूरची लेक
'कुणीतरी' नको. निवडून आलेलं माणूस पाहिजे, असं लिहा.