ए-३०४ मध्ये नऊ मतदार: रविवारचा सोसायटी ग्रुप

[७:५२] शिंदे वहिनी (ए-३०४): महापालिकेची प्रारूप मतदार यादी बघितली. माझ्या घराच्या पत्त्यावर नऊ मतदार आहेत. आम्ही राहतो चार. घर कधी भाड्याने दिलेलं नाही. बाकीचे पाच कोण?

[७:५५] देशमुख (बी-२०२): वहिनी, पाच जणांचा मेंटेनन्स पण भरा मग 😄

[७:५६] शिंदे वहिनी (ए-३०४): विनोद नकोय. मी खरंच वैतागलेय.

[८:०३] सेक्रेटरी: नमस्कार. ग्रुपवर राजकीय चर्चा टाळावी ही नम्र विनंती. मंगळवारी टाकीची सफाई आहे, ११ ते २ पाणी बंद राहील.

[८:०४] शिंदे वहिनी (ए-३०४): माझ्या पत्त्यावर पाच अनोळखी माणसं हा सोसायटीचा विषय नाही तर कोणाचा? उद्या पोलीस चौकशीला आले तर तुम्ही उत्तर देणार का?

[८:०६] पाटील (सी-५०३): नावं कुठली आहेत? बाहेरचे लोंढे असणार.

[८:०९] शिंदे वहिनी (ए-३०४): आडनावं तुमच्या-माझ्यासारखीच आहेत. दोन कदम, दोन जाधव. आणि एक पाटील.

[८:०९] देशमुख (बी-२०२): 🤣🤣🤣

[८:१०] पाटील (सी-५०३): हा मेसेज डिलीट केला आहे.

[८:१४] गोखले काका (सी-१०१): महापालिकेचं राहू द्या. आपल्या कार्यकारिणीच्या गेल्या निवडणुकीत प्रॉक्सी मतं घेतली गेली, त्याचं काय?

[८:१६] सेक्रेटरी: काका, तो विषय सर्वसाधारण सभेत संपलेला आहे.

[८:१६] गोखले काका (सी-१०१): संपवला गेला आहे.

[८:२१] कुलकर्णी (बी-७०१): (अनेकदा फॉरवर्ड केलेला) ‼️सावधान‼️ दोन ठिकाणी नाव असेल तर १० वर्षं तुरुंग, रेशन कार्ड रद्द, पासपोर्ट जप्त. सुप्रीम कोर्टाचा आदेश. २१ जणांना पाठवा.

[८:२४] सावंत काका (ए-१०२): झालं. म्हणजे अर्धं कोकण जेलात. अहो गावी घर आहे, आंबा आहे, गणपती आहे. तिथे नाव असणारच. गावी नाव असणं गुन्हा नाही.

[८:२५] पाटील (सी-५०३): म्हणजे काका तुमचं दोन्हीकडे आहे?

[८:२६] सावंत काका (ए-१०२): मी माझ्याबद्दल बोललो नाही. सर्वसाधारण बोललो.

[८:४०] नाडकर्णी मॅडम (ए-६०१): कुलकर्णी भाऊ, तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. असं कलम कुठल्याच कायद्यात नाही. दुसऱ्याच्या नावावर मत देणं, किंवा एकाच निवडणुकीत एकदा मत देऊन परत स्वतःच्याच नावावर मागायला जाणं, याला तोतयेगिरी म्हणतात. भारतीय न्याय संहिता, कलम १७२. शिक्षा कलम १७४ मध्ये आहे: जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आधी आयपीसीत १७१ डी आणि १७१ एफ होतं, तेव्हाही शिक्षा तेवढीच होती. गुन्हा जामीनपात्र आहे.

[८:४२] पाटील (सी-५०३): फक्त एक वर्ष?? मोबाईल चोरला तर तीन वर्षं आहे ना?

[८:४३] नाडकर्णी मॅडम (ए-६०१): हो. चोरीला तीनपर्यंत आहे, मताला एकपर्यंत.

[८:४४] देशमुख (बी-२०२): धडा: मत चोरा, मोबाईलला हात लावू नका.

[८:४९] नाडकर्णी मॅडम (ए-६०१): पण पुढचं कुणी वाचत नाही. या गुन्ह्यात दोषी ठरलं की लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे सहा वर्षं स्वतःचं मतही देता येत नाही, आणि निवडणुकीला उभंही राहता येत नाही. नुसता दंड झाला तरी. एखाद्या होतकरू नगरसेवकाला कैदेपेक्षा त्याची धास्ती जास्त असते. बूथ ताब्यात घेतलं तर वेगळं कलम, १३५ ए: किमान एक, कमाल तीन वर्षं. सरकारी नोकर त्यात असेल तर तीन ते पाच.

[८:५१] सावंत काका (ए-१०२): म्हणजे मी म्हटलं तेच. गावी नाव असणं गुन्हा नाही. शिवाय तिकडे जिल्हा परिषद, इकडे महापालिका. निवडणूकच वेगळी.

[८:५७] नाडकर्णी मॅडम (ए-६०१): काका, अर्धं बरोबर आहे तुमचं. निवडणूक वेगळी असेल तर तोतयेगिरी होत नाही. पण १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १७ आणि १८ आहेत: नाव एकाच मतदारसंघात, आणि एकदाच. नुसतं दोनदा असल्याबद्दल थेट शिक्षा लिहिलेली नाही. मात्र नवीन नाव नोंदवताना फॉर्म ६ वर आपण सही करतो, की माझं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही. ती सही खोटी असेल तर कलम ३१. पुन्हा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड.

[८:५८] सावंत काका (ए-१०२): फॉर्म मी भरलाच नव्हता. पक्षाच्या मुलांनी भरला.

[८:५८] पाटील (सी-५०३): "सर्वसाधारण बोललो" 😂

[८:५९] सावंत काका (ए-१०२): पाटील, तुमची स्कूटर आधी माझ्या जागेतून काढा, मग कायदा शिकवा.

[९:०१] पाटील (सी-५०३): ती जागा कॉमन आहे. नकाशा बघा.

[९:०२] सेक्रेटरी: पार्किंगचा विषय इथे नको 🙏

[९:१०] रोहन, मालक बी-६०३ (लंडन): गुड मॉर्निंग ऑल. इथे पहाट आहे, पण वाचून राहवलं नाही. इकडे असले प्रकार चालतच नाहीत. सिस्टिम स्ट्राँग आहे.

[९:१८] नाडकर्णी मॅडम (ए-६०१): रोहन, टॉवर हॅम्लेट्स तुमच्याच शहरात ना? २०१४ ची मेयरची निवडणूक. तक्रार चार सामान्य मतदारांनी केली होती. एप्रिल २०१५ मध्ये निवडणूक न्यायालयाने लुत्फुर रहमान यांची निवड रद्द केली. तोतयेगिरी, टपाली मतांतला घोळ, खोट्या नोंदी, सगळं निकालपत्रात आहे. पाच वर्षं निवडणूक लढवायला बंदी घातली. फौजदारी खटला त्यांच्यावर कधी भरला गेला नाही. आणि २०२२ ला लोकांनी त्यांनाच परत निवडून दिलं.

[९:२०] रोहन, मालक बी-६०३ (लंडन): ओके, पण तो अपवाद आहे. आणि आता ओळखपत्र लागतं.

[९:२१] नाडकर्णी मॅडम (ए-६०१): हो, २०२३ पासून. तोपर्यंत तिथे बूथवर नुसतं नाव सांगून मत देता येत होतं. आपल्याकडे निदान फोटो असलेली यादी आहे.

[९:२४] शिंदे वहिनी (ए-३०४): रोहन, यादी माझ्या हातात आहे. बी-६०३ वर तुझंही नाव आहे. तू तर तिकडचा पासपोर्ट घेतलास ना? आई पेढे वाटत होती.

[९:२५] देशमुख (बी-२०२): विकेट 🏏

[९:३१] रोहन, मालक बी-६०३ (लंडन): मला कल्पना नव्हती. मी कधी येऊन मत दिलेलं नाही.

[९:३३] नाडकर्णी मॅडम (ए-६०१): तू दिलं नसशील. तुझ्या नावावर कुणी दिलं का, हा प्रश्न आहे. भारतीय नागरिकत्व राखून परदेशी राहणाऱ्याला फॉर्म ६ ए भरून इथे मतदार राहता येतं. नागरिकत्व सोडलं की नाव काढावं लागतं. रिकाम्या नावावरच तोतया येतो. जिवंत, घरात बसलेल्या माणसाच्या नावावर कमी.

[९:४०] गोखले काका (सी-१०१): रिकाम्या नावाबद्दल मॅडम योग्य बोलल्या. आपल्या कार्यकारिणीच्या निवडणुकीतही परदेशी राहणाऱ्यांची मतं इथून दिली गेली. प्रॉक्सी मतांचं काय?

[९:४१] सेक्रेटरी: काका, कृपया.

[९:४७] जोगळेकर आजोबा (बी-१०४): कोर्टाने मनावर घेतलं तर पंतप्रधानही सुटत नाहीत. १२ जून १९७५. अलाहाबाद. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा. मतचोरीवरून इंदिराबाईंची निवडणूक रद्द!!

[९:५२] नाडकर्णी मॅडम (ए-६०१): आजोबा, तारीख अचूक, पण ती मतचोरी नव्हती. यशपाल कपूर सरकारी नोकरीत असताना प्रचारात वापरले गेले, आणि सभांची व्यासपीठं सरकारी यंत्रणेने उभारली, हे दोन मुद्दे सिद्ध झाले. सहा वर्षांची अपात्रता लागली. पुढे कायदाच बदलला आणि सुप्रीम कोर्टात निकाल फिरला, ते वेगळं.

[९:५५] पाटील (सी-५०३): आपल्या मुंबईत बाळासाहेबांचा पण मताचा हक्क काढला होता की.

[९:५६] सावंत काका (ए-१०२): त्यांचं नाव मतचोरीत घ्यायचं नाही. सांगून ठेवतो.

[९:५७] पाटील (सी-५०३): मतचोरी कुठे म्हटलं?

[१०:०१] नाडकर्णी मॅडम (ए-६०१): सावंत काका बरोबर आहेत. ते प्रकरण भाषणांचं. १९८७ ची विलेपार्ले पोटनिवडणूक, उमेदवार डॉ. रमेश प्रभू. धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून हायकोर्टाने निवड रद्द केली, १९९५ ला सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. मतदानाचा हक्क काढण्याचा आदेश राष्ट्रपतींचा, तोही १९९९ मध्ये आला. तोपर्यंत सहापैकी तीनपेक्षा जास्त वर्षं सरलेली.

[१०:०२] सावंत काका (ए-१०२): धन्यवाद मॅडम. पाटील, वाचलंत?

[१०:१५] कुलकर्णी (बी-७०१): (अनेकदा फॉरवर्ड केलेला) ‼️सावधान‼️ दोन ठिकाणी नाव असेल तर १० वर्षं तुरुंग, रेशन कार्ड

[१०:१५] शिंदे वहिनी (ए-३०४): कुलकर्णी भाऊ!!

[१०:१६] कुलकर्णी (बी-७०१): सॉरी, दुसऱ्या ग्रुपला पाठवत होतो.

[१०:१७] देशमुख (बी-२०२): अजून १९ राहिले 👍

[११:०५] मुलाणी सर (सी-२०४): शाळेतून निवडणुकीची ड्युटी बऱ्याचदा केली आहे, म्हणून लिहितो. विधानसभा-लोकसभेला उमेदवाराचा एजंट समोरच्या मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेऊ शकतो. दोन रुपये भरायचे, केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतो. तोतया निघाला तर पोलिसांच्या ताब्यात. आक्षेप खोडसाळ निघाला तर दोन रुपये जप्त. ती रक्कम वर्षानुवर्षं बदललेली नाही. पण एजंट आक्षेप घेतच नाहीत. गल्लीतल्याच माणसाशी वैर कोण घेणार?

[११:०८] शिंदे वहिनी (ए-३०४): आणि माझ्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर?

[११:११] मुलाणी सर (सी-२०४): तर परत फिरू नका. प्रदत्त मत मागा. ते मशीनवर नाही, मतपत्रिकेवर घेतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात. एरवीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण प्रकरण कोर्टात गेलं तर तोच पुरावा असतो. बहुतेक लोक भांडून, शिव्या देऊन घरी जातात. मग कागदावर काहीच उरत नाही.

[११:१३] पाटील (सी-५०३): एका मताने काय फरक पडतो सर?

[११:१५] जोगळेकर आजोबा (बी-१०४): सी. पी. जोशींना विचारा. राजस्थान, नाथद्वारा, २००८. एका मताने पडले. मुख्यमंत्रिपदाचे दावेदार होते. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.

[११:१६] नाडकर्णी मॅडम (ए-६०१): आणि तिथला वाद याच प्रदत्त मतांवरून होता 👆

[११:३०] देशमुख (बी-२०२): मॅडम, पण कोर्टात जाऊन कुणी कधी जिंकतं का? खरं सांगा.

[११:४४] नाडकर्णी मॅडम (ए-६०१): दोन रस्ते असतात, लोक ते एकत्र करतात. फौजदारी रस्ता त्या माणसाला शिक्षा करतो, निकाल बदलत नाही. निकाल बदलायचा तर निवडणूक याचिका. आमदार-खासदाराची असेल तर ४५ दिवसांत हायकोर्टात, पालिकेला मुदत त्याहून कमी. तिथे बोगस मतं पडली एवढं दाखवून भागत नाही, त्यामुळे निकाल फिरला हे सिद्ध करावं लागतं. वीस हजारांच्या फरकाने निवडून आलेल्या माणसाविरुद्ध तुम्ही पन्नास तोतये दाखवलेत तर याचिका फेटाळली जाते. सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. मी माझ्या उभ्या वकिलीत तसं क्वचितच पाहिलं.
जिंकल्याचं उदाहरण हवंय तर चंदीगड. ३० जानेवारी २०२४, महापौर निवडणूक. मतं मोजणाऱ्या अधिकाऱ्याने आठ मतपत्रिकांवर स्वतःच खुणा करून त्या बाद ठरवल्या, आणि ते कॅमेऱ्यात आलं. सुप्रीम कोर्टाने मतपत्रिका मागवून घेतल्या, २० फेब्रुवारीला निकाल फिरवला, हरलेल्या उमेदवाराच्या बारा मतांची वीस झाली. त्या अधिकाऱ्याला कोर्टात खोटं बोलल्याबद्दल नोटीस. तीन आठवडे! कॅमेरा होता म्हणून.

[११:४७] मुलाणी सर (सी-२०४): दुसरं पानिपतचं. बुआना लाखू गावची सरपंचाची निवडणूक, नोव्हेंबर २०२२. सुप्रीम कोर्टाने मशीन दिल्लीला मागवून फेरमोजणी केली, हरलेला ५१ मतांनी जिंकला. सरपंच झाला ऑगस्ट २०२५ ला.

[११:४८] देशमुख (बी-२०२): पानिपतावर शेवटी कुणीतरी केस जिंकली 🚩

[११:४९] पाटील (सी-५०३): पावणेतीन वर्षं दुसराच सरपंच?? त्या काळातल्या सह्या-शिक्क्यांचं काय?

[११:५०] मुलाणी सर (सी-२०४): ते मला विचारू नका 🙂

[१२:२०] शिंदे वहिनी (ए-३०४): हे सगळं ठीक. माझ्या पाच जणांचं काय करायचं ते कुणी सांगेल का? महापालिकेत हरकत देऊ का?

[१२:२६] मुलाणी सर (सी-२०४): प्रभाग यादीवर हरकत देऊन नाव कमी होत नाही वहिनी. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेऊन प्रभागात वाटतो. दुबार वाटणाऱ्या नावांपुढे दोन तारे लावतात, एवढंच. नाव काढायचं तर फॉर्म ७, विधानसभेच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरी येऊन खात्री करतो.

[१२:२८] पाटील (सी-५०३): मग मी आपल्या तिन्ही विंगचे सगळे संशयित एकदम टाकतो फॉर्म ७ मध्ये. यादी द्या.

[१२:३५] नाडकर्णी मॅडम (ए-६०१): असलं काही करू नका. फॉर्म ७ मधल्या खोट्या विधानालाही तेच कलम ३१ लागतं. सोलापूरच्या पलीकडे आळंद आहे, कलबुर्गी जिल्ह्यात. २०२३ च्या विधानसभेआधी तिथे नावं काढायला ६,०१८ अर्ज आले. तपासल्यावर खरे निघाले २४. बाकी लोक आपापल्या घरात नांदत होते, काहींच्या नावाने अर्जही परस्पर भरलेले. तिथे गुन्हा दाखल झाला. उलट आपल्या राजुऱ्यात हजारो बोगस नोंदणीचे अर्ज सापडले, ते रद्द करून पोलिसांत तक्रार गेली. वहिनी, तुम्ही फक्त तुमच्या घरापुरतं भरा, आणि पोच घ्या.

[१२:३८] शिंदे वहिनी (ए-३०४): पाच वेगवेगळे फॉर्म?

[१२:३८] मुलाणी सर (सी-२०४): हो, नावागणिक एक.

[१२:४१] गोखले काका (सी-१०१): मॅडम इतकं सांगत आहेत तर एक विचारतो. सोसायटीच्या निवडणुकीत प्रॉक्सी मत चालतं का? हो की नाही?

[१२:५०] नाडकर्णी मॅडम (ए-६०१): नाही. सहकार कायदा कलम २७, सभासदाने मत स्वतः द्यायचं.

[१२:५०] गोखले काका (सी-१०१): 🙏🙏🙏 सर्वांनी नोंद घ्यावी.

[१:३५] सेक्रेटरी: जेवत होतो. प्रॉक्सीबाबत कार्यकारिणी पुढच्या बैठकीत चर्चा करेल. फॉर्म ७ च्या प्रती वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवत आहे. बीएलओंना पुढच्या रविवारी सोसायटीत येण्याची विनंती करतो. रोहन, तुझ्या आईंना फॉर्म देऊन ठेवू?

[१:४०] रोहन, मालक बी-६०३ (लंडन): हो प्लीज. आणि बाबांचंही काढायचं राहिलंय.

[१:४२] शिंदे वहिनी (ए-३०४): अरे, बाबांना जाऊन किती दिवस झाले. मृत्यू दाखल्याची झेरॉक्स जोडायला सांग आईला. मी येते तिच्याबरोबर.

[४:१२] सावंत काका (ए-१०२): सेक्रेटरीसाहेब, स्वतःचं इथलं नाव कमी करायला पण फॉर्म ७ च का? माझ्यासाठी नाही, मिसेस विचारते.

[४:१३] मुलाणी सर (सी-२०४): तोच काका. गावचं ठेवायचं की इथलं, ते मात्र आधी ठरवा.

[४:१५] सावंत काका (ए-१०२): तेच तर घरात सकाळपासून चाललंय.

[४:२०] गोखले काका (सी-१०१): फॉर्मच्या झेरॉक्सचा खर्च मेंटेनन्समधून का? ठराव कधी झाला?