घामोळ्यावर पावडरचा थर नको
तीन महिन्यांच्या बाळाच्या मानेवर घामोळं आलंय, काय करावं, या प्रश्नावर आंघोळीनंतर भरपूर पावडर लावा असं इथे वर दोघींनी सांगितलंय. कृपया नका लावू. घामाच्या नलिकांची तोंडं बंद झाली की घाम कातडीतच अडकतो आणि पुरळ उठतं. त्यावर पावडर थापली की घामात भिजून वळ्यांमध्ये तिचा लगदा होतो. शिवाय उडालेली पावडर बाळाच्या श्वासातून फुप्फुसात जाते, ते वेगळंच.

आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उकाड्यात टोपडं घालून, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ बघितलं की माझाच जीव कासावीस होतो! सुती, सैल, बिनबाह्यांचं झबलं पुरे. दिवसातून थोडा वेळ डायपरही काढून ठेवा. मानेची वळी दोन बोटांनी हलकेच उघडून बघा. ओघळलेलं दूध आत सुकून पांढरट थर धरतं. ओल्या मऊ फडक्याने ते टिपून घ्या, घासू नका, मग वारा लागू द्या. कूलर चालेल, फक्त झोत थेट अंगावर नको.

घामोळं असेपर्यंत तेलाची मालिश थांबवा, मोहरीचं तेल तर नकोच. आजीला वाईट वाटेल, पण समजावून सांगा. वरचं पाणी पाजू नका, अंगावरचं दूध वरचेवर पाजा. पुरळात पू दिसला किंवा ताप १००.४ फॅरनहाइट झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.