गोळे कच्चे राहत असतील तर

चिकन अँड डम्पलिंग्ज, म्हणजे कोंबडीच्या रश्शात पिठाचे गोळे सोडून शिजवायचा अमेरिकन पदार्थ. त्यातले गोळे बाहेरून गिच्च आणि आतून कच्चे राहिले, असं एकांनी लिहिलंय. बहुधा पीठ जास्त मळलं गेलं किंवा शिजताना झाकण उघडलं.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात राहत असताना शेजारच्या आजींनी मला हा पदार्थ शिकवला. त्या ब्रेस्टचे तुकडे घेतच नसत. हाडांसकट अख्खी कोंबडी, कांदा, गाजर, सेलरी, तमालपत्र आणि मंद आचेवर तासभर. आपल्या अळणी सूपासारखा वास घरभर सुटतो. मग मांस सोडवून बाजूला ठेवायचं. सगळी चव या पाण्यातच असते, म्हणून तयार स्टॉकचा डबा इथे वापरू नका, खरंच.

गोळ्यांसाठी 2 कप मैदा, 1 मोठा चमचा बेकिंग पावडर, मीठ, थंड लोणी 4 मोठे चमचे, पाऊण कप दूध. काट्याने जेमतेम एकत्र करा. पीठ ओबडधोबड दिसलं पाहिजे, गुळगुळीत झालं की बिघडलंच. रस्सा हळू उकळत असताना चमच्याने वर सोडा, घट्ट झाकण लावा आणि 15 मिनिटं हात लावू नका. ते वाफेवर फुलतात.

अमेरिकेच्या दक्षिण भागात बऱ्याच घरी बेकिंग पावडर न घालता पोळी लाटून पट्ट्या कापून सोडतात. थेट आपली वरणफळं! मला हीच जास्त आवडतात. सुटलेल्या मैद्याने रस्सा आपोआप दाटतो, वेगळं काही लावावं लागत नाही. मांस मात्र शेवटी घाला, नाहीतर चोथा होतो.